ऐच्छिक रकाने

अलका शेडगेच्या कानांबद्दल वाहिनीत बऱ्याच दंतकथा होत्या. फोनवर बोलणाऱ्याच्या मागचा पंखा कितीवर आहे ते ती सांगते, कॅन्टीनचा फ्रिज बंद पडणार हे तिला दोन दिवस आधी कळतं, वगैरे. यातली फ्रिजची गोष्ट खरी होती. पंचवीस वर्षं बालेवाडीच्या त्या काचेच्या इमारतीत, खिडकी नसलेल्या ध्वनिकक्षात बसून तिने जगभरचे आवाज ऐकले होते. स्वतः मात्र ती फारशी बोलायची नाही. संपादक सौरभ वर्तक तिला कौतुकाने 'आमच्या मौनीताई' म्हणायचे. असं कौतुक कुणाला सोयीचं असतं, हे वेगळं सांगायला नको.

गेल्या तीन वर्षांत अलकाची किंमत एकदम वाढली होती, आणि त्याला कारण होतं नादमुद्रा नावाचं यंत्र. त्याआधीच्या काळात संगणकाने रचलेल्या खोट्या चित्रफितींनी लोकांना इतकं छळलं होतं, की खऱ्या पुराचं चित्रण दाखवलं तरी लोक म्हणायचे, चला, काहीतरीच. शेवटी सरकारने कायदा केला. बातमीतल्या प्रत्येक चित्रफितीवर हिरवा शिक्का हवा, आणि शिक्क्यामागे ध्वनिपरीक्षकाची सही हवी.

यंत्राचं तत्त्व तसं साधं होतं. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा थरथरते असं शाळेत शिकवतात, पण ते तंतोतंत खरं नाही. सकाळी लाखो घरांत गिझर आणि मिक्सर सुरू झाले की वीजकेंद्रावर ताण येतो आणि पन्नासाचे एकोणपन्नास पूर्णांक नऊ-सात होतात. ताण उतरला की आकडा पुन्हा चढतो. हा चढउतार जसाच्या तसा पुन्हा कधीच होत नाही. आणि विजेची ही गुणगुण तारांमधून, फ्रिजमधून, चार्जरमधून प्रत्येक ध्वनिमुद्रणात झिरपते. म्हणजे कुठल्याही आवाजाच्या तळाशी त्या क्षणाचा अंगठा उमटलेला असतो. नादमुद्रेने लोकांनी फोनवरून टाकलेल्या कोट्यवधी व्हिडिओंमधली गुणगुण गोळा केली आणि त्यांचा एक अवाढव्य जुळणीकोश बनवला. संगणकाने रचलेली फीत त्यात क्षणात उघडी पडायची. आणि यंत्राला विचारलं, तर खरी फीत कुठे आणि कोणत्या मिनिटाला घेतली तेही ते सांगायचं.

विचारलं तर! इथेच सगळी मेख होती. सहीच्या अर्जात तीन रकाने होते. पहिला, अस्सल की बनावट, हा सक्तीचा. दुसरा काळाचा, तिसरा ठिकाणाचा, आणि हे दोन्ही ऐच्छिक. कायदा करणाऱ्या समितीत वाहिन्यांचे मालकही बसले होते, त्यामुळे असं झालं असावं. तीन वर्षांत महाराष्ट्रातल्या एकाही ध्वनिपरीक्षकाने ते दोन रकाने भरले नव्हते. रिकामे सोडायचे, हा रिवाजच पडला होता.

आरवाझ देशातून संयुक्त दल माघारी आलं त्याला तीन महिने झाले होते. अकरा वर्षं तिथे बारा देशांचं सैन्य होतं, त्यात आपलंही होतं. त्या अकरा वर्षांत आरवाझची माणसं वाहिनीवर फारशी दिसली नाहीत. दिसायचे ते जवान, हेलिकॉप्टरं आणि वर्तकांचा तोफेवर हात ठेवून काढलेला फोटो. सैन्य निघालं, तिथले बंडखोर एकेक शहर घेऊ लागले, आणि वाहिनीला एकदम आरवाझच्या आयाबहिणी दिसू लागल्या. 'आरवाझची हाक' ही मोहीम सुरू झाली. सैन्य परत पाठवा, तिथली माणसं मरतायत, आपण इतके निर्दय कसे झालो? सोमवारी दिल्लीत त्यावर निर्णय व्हायचा होता.

मोहिमेला खरी धार आणली ती एका बाईच्या चित्रफितीने. मातीच्या भिंतीपाशी बसलेली चाळिशीची बाई. समोर पालथा घातलेला तवा. आरवाझमध्ये घरातलं माणूस गेलं की बाई तवा पालथा घालते आणि त्या तव्यावरची भाकरी आता जे खाणार नाहीत, त्यांची नावं घेते. एक नाव, मग दगडाचा एक ठोका. या बाईने चौदा नावं घेतली होती. एका आठवड्यात ती फीत घराघरात पोहोचली. कुणी त्या ठोक्याची रिंगटोन केली. फितीनंतर न चिकटणाऱ्या तव्यांची जाहिरात लागायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

आदल्या आठवड्यातल्या मंगळवारी घाईघाईत त्या फितीवर अलकानेच सही केली होती. यंत्र म्हणालं अस्सल, तिने शिक्का दिला आणि पुढच्या कामाला लागली.

शुक्रवारी वर्तकांनी तिला बोलावलं. "अलकाताई, रविवारी बारा ते दोन खास कार्यक्रम आहे. खासदार येतायत. बाईच्या आवाजामागे ती घरघर आहे ना, तिचं काहीतरी करा. रडू नीट पोचत नाही. फीत बदलली की सही पुन्हा लागेल, तीही करा."

घरघर काढायची तर आधी ती ऐकायला हवी. अलकाने हेडफोन चढवला आणि दुसऱ्याच मिनिटाला तिच्या कपाळावर आठी पडली. सूर चढा होता. आरवाझची वीज आपल्यासारखीच पन्नासाची, आणि ही गुणगुण होती साठाची. शिवाय ती दर अकरा सेकंदांनी किंचित दम लागल्यासारखी खाली यायची आणि सावरायची.

मग तिने तीन वर्षांत कुणी न दाबलेलं बटण दाबलं.

यंत्राने जुळणी काढली. त्याच गुणगुणीचा, त्याच मिनिटाचा आणखी एक व्हिडिओ सापडला होता. संयुक्त दलाच्या तळावर चार जवान एकाचा वाढदिवस साजरा करत होते. केक, टाळ्या, गाणं. तारीख चार वर्षं दोन महिन्यांपूर्वीची, सकाळी दहा वाजून सोळा मिनिटं. यंत्राने काढलेल्या ठिकाणानुसार, केक कापला जात होता तेव्हा तळापासून सहाशे मीटरवर ही बाई चौदा नावं घेत होती.

मग तिने वाहिनीचं जुनं नोंदपुस्तक उघडलं. काय सापडेल याची तिला आता अंधुक आठवण येऊ लागली होती. फीत चार वर्षांपूर्वीच आली होती. शेमगाल गावावर संयुक्त दलाच्या विमानाने चुकून बॉम्ब टाकले, अशी चिठ्ठी तिथल्या छायाचित्रकाराने सोबत जोडली होती. वर्तक तेव्हा म्हणाले होते, "ताई, बघा काही तांत्रिक निघतंय का." आणि नोंदीत शेरा होता, 'पार्श्वभूमीला विजेची घरघर. प्रसारणास अयोग्य. अ. शे.'

अक्षर तिचंच होतं. त्या दिवशी डबा खाताना तिने एकदाही त्या बाईचा विचार केला नव्हता, हे तिला आता आठवलं आणि स्वतःची लाज वाटली.

दुपारीच ती घरी आली. घरी तिचा धाकटा भाऊ हणमंत होता, फौजेच्या इंजिनियर तुकडीत सुभेदार. आरवाझमध्ये तळाची साठावर चालणारी जनित्रं त्याच्याच हाताखाली होती. माघारीनंतर दोन महिन्यांच्या रजेवर आला होता आणि साताऱ्याकडच्या बंद घरात एकट्याला करमेना म्हणून बहिणीकडे राहत होता. एकट्या राहणाऱ्या अलकाला त्यामुळे दोन वेळा गरम जेवायची सवय लागली होती. सैन्य परत गेलं तर सगळ्यात आधी त्याची तुकडी जाणार होती.

तिने चित्र न दाखवता फक्त घरघर ऐकवली. हणमंत कांदा चिरत होता. त्याचा हात थांबला.

"आक्का, ह्यो तर आपला तीन नंबर! त्येचा वेग आवरनारा गव्हर्नर ढिला व्हता. अकरा शेकंदानं दम टाकायचा. किती येळा खोलला म्या, पर त्येची खोड गेली न्हाय." तो लेकराबद्दल बोलावं तसा बोलत होता. "तुला कुठं घावला ह्यो?"

"तीन नंबरची वीज कुठे जायची?"

"शेमगालात. गावाला लाईट द्या म्हनून वरनं हुकूम आला, तवा तार म्या आन् तिथल्या बेहराम मिस्त्रीनं वढली. येताना तीन नंबर फोडून आलो आमी. कुनाच्या हाती लागू नये म्हनून."

तेव्हा तिने चित्र लावलं. हणमंतने पाचव्या नावापर्यंत ऐकलं आणि मान फिरवली.

"टीव्हीवर लागली की म्या उठून जातो, ते ह्याच्यापायी," तो म्हणाला. "ही गुलरू. तार वढताना हिनं ताक दिलं व्हतं आमाला. बॉम्ब पडलं त्या दिशी आमाला सांगितलं, चूक झाली, चौकशी व्हईल, तोंडं बंद ठेवा. म्या ठेवलं."

"मीही ठेवलं," अलका म्हणाली. कसं ते तिने सांगितलं. हणमंतने अर्धवट चिरलेला कांदा बाजूला सारला.

शनिवारी ती वर्तकांसमोर उभी राहिली. वर्तक वाईट माणूस नव्हते. आईच्या आजारपणात अलकाला त्यांनी महिनाभर सुट्टी दिली होती, ड्रायव्हरच्या मुलीच्या लग्नाला ते स्वतः जायचे. पडद्यावर त्यांचे डोळे भरून यायचे तेही खोटं नव्हतं, एवढंच की कशाने भरून यायचं हे त्यांचे डोळे आधी बघून घ्यायचे.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाई खोटी आहे का?"

"नाही."

"रडणं? मेलेली माणसं?"

"नाही सर. पण मारलं कुणी ते..."

"ते आपण म्हणतोय कुठे? आपण म्हणतोय आरवाझ रडतोय. कायदा विचारतो अस्सल आहे का. तुम्ही सांगा, आहे." ते जवळ आले. "ताई, उद्या या फितीमुळे सैन्य परत गेलं आणि हजार माणसं वाचली, तर तुमच्या तारखेचं काय करायचं? पूजा?"

अलका तशीच बाहेर पडली. यंत्र नव्हतं तेव्हा खोटं बोलणाऱ्याला निदान खोटं रचावं लागायचं. आता तेवढे कष्टही उरले नव्हते. खरीच फीत घ्यायची, तारीख झाकायची आणि वर सत्याचा शिक्का मारायचा.

घरी प्रश्न आणखी वाढला. अलकाला वाटलं होतं हणमंत म्हणेल, देऊ नको सही. त्याने फोन तिच्या पुढ्यात ठेवला.

"ऐक आधी."

फोनमधून एक घोगरा, हसरा आवाज आला. "रामराम हणमंतराव! म्या बेहराम. हितं कोहदरात हाय, भनीच्या घरी. आज बाजूच्या गल्लीतनं तिघांना नेलं. सैन्याकडं काम करनाऱ्यांची यादी हाय म्हनत्यात. माजं नाव असंलच की! बायको म्हनती, तुमच्या दोस्ताला सांगा काय तरी. म्हनून सांगतुया. बाकी बरं हाय."

आरवाझचा एक मिस्त्री अस्सल सातारी बोलत होता. सात वर्षं हणमंतच्या हाताखाली त्याने नट-बोल्टचे पाने फिरवले होते आणि भाषाही तिथेच उचलली होती.

"परवाचा हाय ह्यो," हणमंत म्हणाला. "आक्का, तुजी फीत शिळी हाय, मान्य. पर तिथं मरत्यात ती मानसं ताजी हायती. आमी निघालो तवा बेहराम इमानतळाच्या जाळीला धरून हुबा व्हता. त्येला म्हनलो, येतो परत. फौज गेली तर म्या जाईन, त्येला भाईर काढीन. सई कर."

"आणि तुला काही झालं तर?"

"ते तुजं भ्या हाय. त्येला सत्याचं नाव दिऊ नगस."

हा घाव वर्मी लागला. कारण खरोखरच, फितीची तारीख सांगितली तर भाऊ घरी राहणार होता. आपल्याला खरेपणा हवाय की भाऊ, हे अलकाने स्वतःला रात्रभर विचारलं आणि दोन्ही धागे सुटे करता आले नाहीत. एक मात्र तिला पुन्हापुन्हा दिसत राहिलं. गुलरूने चौदा नावं घेतली ती कुणाला तरी जाब विचारण्यासाठी. ज्यांना विचारला त्यांनाच परत बोलावण्यासाठी तिचं रडणं वापरायचं, आणि तेही दुसऱ्यांदा आपल्याच सहीने!

रविवारी सकाळी अकराला तिने घरघर तशीच ठेवली आणि अर्ज उघडला. अस्सल. काळ, चार वर्षं दोन महिन्यांपूर्वी, सकाळी दहा सोळा. ठिकाण, शेमगाल, संयुक्त दलाच्या तळापासून सहाशे मीटर. सही.

यंत्राचा नियम असा, की भरलेले रकाने शिक्क्यासोबत पडद्यावर उमटायचे आणि ते पुसायची सोय नव्हती. कुणाला त्याची आठवणही राहिली नव्हती, कारण ते कधी उमटलेच नव्हते. साडेबाराला वर्तक थरथरत्या आवाजात म्हणाले, "सैन्य गेल्यानंतर या माउलीवर काय ओढवलं, पाहा." बाई दिसली. पहिलं नाव, पहिला ठोका, आणि खाली हिरव्या अक्षरांत तारीख, तळ, अंतर. खासदारांनी चष्मा वर केला. वर्तकांचा रुमाल डोळ्यांपर्यंत जाऊन तिथेच राहिला.

पुढचं काम प्रतिस्पर्धी वाहिन्यांनी पंधरा मिनिटांत केलं. शेमगाल कुठलं, त्या दिवशी काय झालं, विमान कुणाचं, सगळं बाहेर आलं. पण वर्तकांना कच्चं समजण्यात अर्थ नव्हता. पाऊण तासात त्यांच्याच पडद्यावर लाल पट्टी झळकली, 'आमच्याच वाहिनीने उघड केलं शेमगालचं सत्य!' आणि ते त्याच रुमालासकट, त्याच थरथरत्या आवाजात विचारू लागले, "चार वर्षं हे कुणी दडवलं?" अलकाला सक्तीच्या रजेवर पाठवल्याचं पत्र तिला त्याच सुमारास मिळालं.

सोमवारी दिल्लीतला निर्णय पुढे ढकलला गेला. मंगळवारी शेमगालवर चर्चा झाली, बुधवारी थोडी कमी झाली. गुरुवारी बाणेरमध्ये बिबट्या शिरला. शुक्रवारी सगळ्या वाहिन्यांवर बिबट्याच होता. सैन्य हवं म्हणणारे गेले आणि नको म्हणणारेही गेले, आणि आरवाझ पडद्यावरून असा पुसला गेला की कधी नव्हताच.

त्याच गुरुवारी कोहदर बंडखोरांच्या हाती पडलं. ही बातमी अलकाला एका परदेशी संकेतस्थळाच्या तळाशी दोन ओळींत सापडली. शहराचं वीजकेंद्र उडवलं होतं, सगळीकडे अंधार. बेहरामचा फोन लागेना. सहीचा परवाना रजेतही तिच्याकडेच होता; तिने त्याचा आधीचा निरोप तारखेसह, शिक्क्यासह पाच वाहिन्यांना पाठवला. तिघांनी उत्तर दिलं नाही. एकाने विचारलं, सोबत दृश्यं आहेत का? पाचव्याने प्रामाणिकपणे लिहिलं, ताई, तो विषय आता थंड झाला.

हणमंत तिच्याशी बोलत नव्हता. स्वयंपाक करायचा, ताट वाढून ठेवायचा आणि गच्चीवर जाऊन बसायचा. सातव्या दिवशी अलकाच गच्चीवर गेली.

"मी तुला थांबवायला केलं का ते, मला अजून कळलेलं नाही," ती म्हणाली. "पण खोटं बोलून तुला पाठवलं असतं तरी मला झोप लागली नसती."

"मला बी न्हाय लागत," एवढंच तो म्हणाला.

कोहदर पडल्याला नऊ दिवस झाले, त्या शनिवारी सकाळी तो धावत ध्वनीच्या खोलीत आला. घरातल्या एका कोपऱ्याला ते तसं म्हणायचे; अलकाचा संगणक आणि नादमुद्रेची जोडणी तिथेच होती. त्याचे डोळे लकाकत होते.

"आक्का! बेहरामचा निरोप आला! आत्ता! जित्ता हाय!"

त्याने निरोप लावला. "हणमंतराव, म्या बरा हाय. काळजी करू नगा. पोरी बी बऱ्या हायती. उद्या बगू कुठं जायाचं ते. तुमी टीवीवर आमचं कायतरी दावताय म्हनं, भनीच्या फोनवर बगितलं. लई बरं वाटलं. हितं कुनी इचारीत न्हाय आमाला."

हणमंत हसत होता आणि डोळे पुसत होता. अलका मात्र निरोपाच्या तळाशी ऐकत होती. कान काही तिला ऐकू नको म्हटल्याने थांबणारे नव्हते. बेहरामच्या बोलण्याखाली विजेची गुणगुण होती, पन्नासाची, शहराची. आणि ती घसरत होती. 'म्या बरा हाय'ला एकोणपन्नास, 'पोरी बी बऱ्या'ला अठ्ठेचाळीस. दूरचं कुठलंतरी केंद्र धापा टाकत होतं. 'इचारीत न्हाय आमाला' या शब्दांपाशी ती थांबली आणि मागे नुसतीच शांतता उरली.

कोहदरची वीज नऊ दिवसांपूर्वी गेली ती आजवर आली नव्हती. निरोप कुठल्यातरी मनोऱ्यात अडकून आज सुटला होता.

"कदीचा हाय गं?" हणमंतने विचारलं. विचारल्यावर मात्र तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचं हसू मावळलं. "ऱ्हाऊ दे. नगं सांगू."

किती सोपं होतं! रकाना ऐच्छिक होता. समोर कायदा नव्हता, खासदार नव्हते, फक्त भाऊ होता. त्याला आणखी चार दिवस आनंदात राहू दिलं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं?

"हणमा," ती म्हणाली, "गुरुवारचा आहे. वीज गेली त्याच मिनिटाचा. नऊ दिवस झाले."

तो खाली बसला. रडला नाही, चिडलाही नाही. खिडकीकडे बघत म्हणाला, "तुला त्यात आनखी काय ऐकू येतंय?"

अलकाला प्रश्न कळला नाही.

"तारीख कळली. वीज कळली. तुजं कान एवढं मोठं, तर बेहरामच्या मागं काय चाललंय ते सांग की. म्या त्येच्या घरची मानसं कदी बगितली न्हाईत."

तिने निरोप यंत्रावर घेतला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच तिला काही शोधायचं नव्हतं, सिद्ध करायचं नव्हतं, पुसायचं नव्हतं. तिने हेडफोन लावला आणि डोळे मिटले.

"खोली लहान आहे," ती म्हणाली. "सतरंजी असेल, आवाज घुमत नाही. चुलीवर काहीतरी शिजतंय, झाकण हलतंय. बेहराम फेऱ्या मारतोय, एक पाय जरा ओढतो."

"डावा. जॅक पडला व्हता."

"शब्द कळत नाहीत, पण सुरावरून बायको कुणाला तरी हळू बोल म्हणतेय. दोन मुली आहेत. काहीतरी वाटून घ्यायचं चाललंय, धाकटी ऐकत नाहीये. आणि आता..." ती थांबली. "आता मोठी हसली."

"कशी हसली?"

अलकाने हेडफोन काढून त्याच्या कानावर ठेवला आणि तेवढाच तुकडा पुन्हा लावला.